सायक्लिक, पेडल्स, कलेक्टिव्ह: तीन फोर्स फीडबॅक कंट्रोलर एकत्र कसे चालवावेत

फोर्स फीडबॅक असलेला, म्हणजे मोटरने हाताला बळ जाणवून देणारा, एकच सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे व बाजूंना झुकवणारा दांडा) हेलिकॉप्टर सिम्युलेटरला जोडणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. नाक वळवणारी पेडल्स आणि हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, हेही मोटरवर चालणारे जोडले, की मात्र कामाचे स्वरूप बदलते. तीन वेगवेगळी यंत्रे एकाच संगणकाला लागतात, त्यांना बळ पाठवणारे प्रोग्रॅमही दोन-तीन असतात आणि कोणता आदेश कोणी दिला हे पटकन कळत नाही. कंट्रोलर जसे वाढतात, तसा बळ किती लावायचे हा प्रश्न मागे पडतो आणि ते बळ कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न पुढे येतो. प्रत्येक बळाला एकच धनी असला पाहिजे. पुढची सगळी मांडणी या नियमाला धरून केली आहे.

नाशिककरांना हेलिकॉप्टर नवखे नाही. नाशिक रोडजवळ गांधीनगरला २००३ पासून भूदलाच्या हवाई शाखेची (आर्मी एव्हिएशन) लढाऊ प्रशिक्षण शाळा आहे, त्यामुळे चेतक आणि चीता यांचा आवाज उपनगरापासून देवळालीपर्यंत परिचयाचा आहे. ज्यांना हा छंद घरी गांभीर्याने करायचा आहे, त्यांच्यासाठी ही कृती क्रमाने दिली आहे. क्रम मोडू नये, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे.

तीन नियंत्रणे, तीन स्वभाव

सुरुवात खऱ्या हेलिकॉप्टरपासून करावी. यूएच-१एच ह्यूईसारख्या यंत्रात हायड्रॉलिक मदत असल्यामुळे पात्यांवरचे हवेचे बळ वैमानिकाच्या हातापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. हाताला लागतो तो ताण मुद्दाम बसवलेल्या स्प्रिंगचा असतो आणि ती स्प्रिंग चुंबकीय ब्रेकने एका जागी धरून ठेवलेली असते. यालाच फोर्स ट्रिम म्हणतात. सायक्लिकवरचे बटण दाबले की ब्रेक सुटतो आणि दांडा मोकळा होतो. बटण सोडले की जिथे दांडा आहे तीच नवी मध्यस्थिती ठरते. ह्यूईत हे एकच बटण सायक्लिकसोबत पेडल्सचाही ब्रेक सोडते, आणि तीन कंट्रोलरच्या मांडणीत सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची घ्यावी लागते.

रॉबिन्सन आर-२२ चा स्वभाव अगदी वेगळा आहे. त्यात हायड्रॉलिक मदत नाही, दोन पात्यांच्या रोटरची थरथर थेट दांड्यात येते आणि फोर्स ट्रिमही नाही. त्यामुळे आर-२२ साठी मध्याकडे खेचणारी जोरदार स्प्रिंग लावली तर कंट्रोलर कितीही महाग असला तरी अनुभव खोटाच राहतो.

कलेक्टिव्हला तर बहुतेक हेलिकॉप्टरमध्ये मध्यबिंदू असा नसतोच. त्याला हवे असते घर्षण, म्हणजे जिथे सोडाल तिथे त्याने थांबावे आणि उचलताना हाताला सारखा विरोध जाणवावा. थोडक्यात, सायक्लिकला ट्रिमबरोबर सरकणारी स्प्रिंग, पेडल्सना हेलिकॉप्टरच्या जातीनुसार स्प्रिंग किंवा नुसते घर्षण, आणि कलेक्टिव्हला केवळ घर्षण अशी विभागणी मनात पक्की करावी. कोणत्या हेलिकॉप्टरसाठी कोणती, हे कागदावर लिहून काढलेले उत्तम.

चौकट आणि बैठक

मोटर असलेला कंट्रोलर टेबलाच्या कडेला क्लॅम्पने अडकवणे धोक्याचे आहे, कारण तो हाताला जितके ढकलतो तितकेच टेबलालाही ढकलतो. चौकट लवचीक असेल तर मोटरचे बळ हाताऐवजी चौकट वाकवण्यात खर्च होते आणि दांडा आपोआप थरथरू लागतो. नाशिकमध्ये या कामाची सोय चांगली आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची कामे करणारे अनेक छोटे कारखाने आहेत. मोजमापाचा साधा कागद नेला तर ते लोखंडी स्क्वेअर पाइपची चौकट वेल्डिंग करून देतात. अ‍ॅल्युमिनियमचे ४० बाय ४० मिलिमीटरचे खाचांचे प्रोफाइल महाग पडते, पण पुढे सायक्लिक दोन बोटे मागे सरकवावा लागला तर वेल्डिंग तोडावे लागत नाही. पहिली चौकट प्रोफाइलची आणि बैठक पक्की ठरल्यावर लोखंडाची, असे मला योग्य वाटते.

सायक्लिक दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध यावा आणि मांडीवर टेकलेल्या हाताने धरता यावा. त्यासाठी बेस, म्हणजे मोटर असलेला खालचा भाग, जमिनीजवळ बसवून वर एक्स्टेंशन लावतात. इथे एक हिशेब समजून घ्यावा. मोझा एबी९ सारख्या बेसचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ९ न्यूटन-मीटर धरला, तर २० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाशी सुमारे ४५ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोंच्या आसपास बळ मिळते. तोच दांडा ४० सेंटिमीटरचा केला की बळ निम्मे होऊन सव्वादोन किलोंवर येते, आणि हाताची हालचाल मात्र दुप्पट होते. हेलिकॉप्टरसाठी हा सौदा फायद्याचाच आहे. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी तरंगताना, बळ थोडेच लागते, पण बारीक हालचालीला जागा भरपूर लागते.

लांब दांड्याला दुसरी अडचण वजनाची येते. जड ग्रिप पुढे झुकलेली असेल तर गुरुत्वाकर्षण तिला सतत पुढे ओढते. बेसच्या सॉफ्टवेअरमध्ये वजनाची भरपाई करण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर खालच्या टोकाला प्रतिवजन लावावे. नुसती स्प्रिंग वाढवून हा झुकाव लपवू नये. ट्रिमचे बटण दाबून स्प्रिंग सुटताच दांडा पुन्हा पुढे पडेल.

पेडल्स चौकटीला आणि चौकट खुर्चीला जोडलेली हवी. चाकांची खुर्ची या कामाला चालत नाही, कारण पेडल दाबले की खुर्चीच मागे जाते.

वीज, यूएसबी आणि सुरक्षितता

तिन्ही कंट्रोलरना स्वतंत्र वीजपुरवठा असतो आणि तिन्ही मोटर एकाच वेळी जोर लावतात तेव्हा भार अचानक वाढतो. तिन्हींसाठी अर्थिंग असलेला एकच चांगला बोर्ड घ्यावा आणि धातूच्या चौकटीलाही अर्थिंग मिळत असल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. पावसाळ्यात वीज जाणे-येणे चालूच असते. यूपीएस लावायचा असल्यास तो संगणकासह तिन्ही मोटरच्या कमाल भाराला पुरेल असा निवडावा, नाहीतर मोटरसाठी वेगळा ठेवावा. वीज गेली की कलेक्टिव्ह धपकन खाली पडतो, म्हणून त्याच्या सांध्यात नायलॉनचा वॉशर घालून थोडे यांत्रिक घर्षण ठेवणे हिताचे आहे.

हाताला सहज पोहोचेल असे एक बंद करण्याचे बटण हवेच. सिम्युलेटर सुरू होताना किंवा विमान बदलताना दांडा झटक्यात मध्यावर जाऊ शकतो. त्या क्षणी दांड्याजवळ तोंड, चहाचा कप किंवा घरातले लहान मूल असता कामा नये. १९९७ पासून आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर जॉयस्टिकमध्ये हात बाजूला होताच बळ बंद करणारा सेन्सर होता. आजच्या ताकदवान बेससोबत ती काळजी आपली आपणच घ्यायची आहे.

यूएसबीसाठी तिन्ही कंट्रोलर शक्यतो मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावावेत. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवण्याची सोय असते, ती बंद करावी. उड्डाणाच्या मध्येच पेडल्सचे बळ नाहीसे होण्याचे कारण अनेकदा हेच असते. एप्रिल-मे महिन्यांत खोली तापलेली असताना मोटरही लवकर तापते आणि तापलेली मोटर स्वतःच बळ कमी करते. म्हणून बेसभोवती हवा खेळती ठेवावी.

प्रत्येक कंट्रोलरला स्वतःची ओळख

एकाच कंपनीचे दोन किंवा तीन कंट्रोलर असतील तर ते संगणकाला सारख्याच नावाचे आणि सारख्याच यूएसबी क्रमांकाचे दिसू शकतात. व्हीपीफोर्स या कंपनीच्या कॉन्फिगरेटरमध्ये (जुळणीच्या प्रोग्रॅममध्ये) हा क्रमांक आणि नाव बदलता येते. कंट्रोलर एकेक करून जोडावा, त्याचे फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्रॅम) अद्ययावत करावे, वेगळा क्रमांक द्यावा, कॅलिब्रेशन करावे (हालचालीची टोके नोंदवावीत) आणि मगच पुढचा जोडावा. हे सारे सिम्युलेटरमध्ये अक्ष नेमण्याच्या, म्हणजे कोणती हालचाल कोणत्या नियंत्रणाची हे ठरवण्याच्या, आधी व्हायला हवे. क्रमांक बदलला की सिम्युलेटरच्या दृष्टीने ते नवेच उपकरण ठरते आणि आधी नेमलेली बटणे व अक्ष हरवतात.

बळ नेमके कोण पाठवतो

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कंट्रोलरपर्यंत बळ तीन वाटांनी येऊ शकते. पहिली वाट कंट्रोलरच्या आतली. फर्मवेअरमध्ये ठेवलेली स्प्रिंग, डॅम्पर (वेगाला विरोध करून डुलणे थांबवणारे बळ) आणि घर्षण सिम्युलेटर बंद असतानाही चालू राहते. दुसरी वाट सिम्युलेटरची. विंडोजच्या डायरेक्टइनपुट या जुन्या व्यवस्थेतून तो स्प्रिंग, डॅम्पर, स्थिर बळ आणि वेगवेगळ्या लाटांची कंपने पाठवतो. तिसरी वाट टेलिमेट्रीची. टेलेमएफएफबीसारखा प्रोग्रॅम सिम्युलेटरकडून वेग, रोटरचे फेरे, भार अशी माहिती सतत घेतो आणि त्यावरून स्वतः बळ तयार करून कंट्रोलरला देतो.

डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये दुसरी वाट मुळातच आहे. तिथे पर्यायांमध्ये फोर्स फीडबॅक चालू करता येतो आणि अक्षांच्या पडद्यावर प्रत्येक उपकरणासाठी बळ जुळवण्याची वेगळी खिडकी मिळते. तिच्यात ट्रिम व कंपनाची तीव्रता, अक्षांची अदलाबदल आणि दिशा उलटवणे एवढ्या गोष्टी बदलता येतात. एक्स-प्लेन १२ किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये जॉयस्टिकचे बळ मुख्यतः बाहेरच्या प्रोग्रॅमवर सोपवावे लागते. म्हणून दोन्ही प्रकारचे सिम्युलेटर वापरणाऱ्याने दोन वेगळे संच ठेवावेत. सगळीकडे चालेल असा एकच संच करण्याच्या नादी लागू नये.

डायरेक्टइनपुटमध्ये बळ पाठवायचे तर प्रोग्रॅमला त्या उपकरणाचा अनन्य ताबा घ्यावा लागतो, म्हणजे त्या वाटेने एका वेळी एकालाच बोलता येते. टेलिमेट्रीचे प्रोग्रॅम ही अडचण टाळण्यासाठी कंट्रोलरशी थेट यूएसबीच्या पातळीवर बोलतात. त्यामुळे दोघांचे आदेश एकाच मोटरवर येऊन एकमेकांत मिसळू शकतात. सायक्लिकवर डीसीएसची स्प्रिंग, टेलिमेट्रीची स्प्रिंग आणि फर्मवेअरची स्प्रिंग अशा तीन स्प्रिंग एकाच वेळी लागल्या, तर दांडा कुठल्या तरी भलत्याच जागी अडून बसतो आणि कोणतेही एक सेटिंग बदलून दोष सापडत नाही.

दुसरा धोका पेडल्सचा आहे. सायक्लिकसाठी निघालेला आदेश बळ घेऊ शकणाऱ्या दुसऱ्या उपकरणालाही जाऊ शकतो. नाक खाली करण्याच्या ट्रिमबरोबर पेडल हलू लागले, तर हेच झाले आहे असे समजावे.

म्हणून एक तक्ता करावा. डाव्या बाजूला सायक्लिकची स्प्रिंग, सायक्लिकची कंपने, पेडल्सची स्प्रिंग, पेडल्सचे घर्षण, कलेक्टिव्हचे घर्षण आणि कलेक्टिव्हची कंपने असे लिहावे आणि प्रत्येकापुढे एकाच धन्याचे नाव टाकावे. डीसीएससाठी मी सुचवीन ती विभागणी अशी: सायक्लिकची स्प्रिंग आणि ट्रिम सिम्युलेटरकडे, पेडल्स व कलेक्टिव्हचे सर्व काही टेलिमेट्रीकडे, आणि सर्व कंपनेही टेलिमेट्रीकडे. एक्स-प्लेन आणि मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी सगळेच टेलिमेट्रीकडे सोपवावे. ज्याला काम दिलेले नाही त्याची तीव्रता शून्य करावी. पेडल्स आणि कलेक्टिव्हवर सिम्युलेटरचे आदेश येऊ नयेत म्हणून डीसीएसच्या त्या खिडकीत त्या दोन्ही उपकरणांची ट्रिम व कंपने शून्यावर न्यावीत, आणि कंट्रोलरच्या कॉन्फिगरेटरमध्ये डायरेक्टइनपुट बंद करण्याची सोय असेल तर तीही वापरावी.

टेलेमएफएफबीमध्ये प्रत्येक कंट्रोलरसाठी प्रोग्रॅमची वेगळी प्रत चालते आणि तिला जॉयस्टिक, पेडल्स किंवा कलेक्टिव्ह यांपैकी एक भूमिका द्यावी लागते. त्यांतली एक प्रत मुख्य असते आणि ती सुरू केली की उरलेल्या आपोआप सुरू होतील अशी योजना करता येते. भूमिका नेमताना आधी दिलेले यूएसबी क्रमांकच कामी येतात.

फोर्स ट्रिमची जुळणी

तीन कंट्रोलरची मांडणी जमली की नाही, हे फोर्स ट्रिमवरून कळते. साध्या, स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर ट्रिमचे बटण सोडले की सिम्युलेटर स्वतःच्या मनात दांड्याची जागा लक्षात ठेवतो आणि आपण खरा दांडा मध्यावर परत नेतो. फोर्स फीडबॅकमध्ये दांडा खरोखरच तिथे थांबतो. म्हणून साध्या जॉयस्टिकसाठी असलेली ट्रिमची पद्धत इथे वापरता येत नाही.

पद्धती दोन आहेत आणि त्यांतली एकच निवडावी. पहिल्या पद्धतीत ट्रिमचे बटण सिम्युलेटरला दिलेले असते आणि सिम्युलेटर कंट्रोलरला नवी मध्यस्थिती कळवतो. दुसऱ्या पद्धतीत बटण टेलिमेट्री प्रोग्रॅमला दिलेले असते आणि तोच स्प्रिंगचा मध्य सरकवतो. सिम्युलेटरला फक्त दांडा कुठे आहे एवढेच कळते. दुसऱ्या पद्धतीत तेच बटण सिम्युलेटरलाही दिलेले राहिले तर ट्रिम दोनदा लागते. बटण सोडताच हेलिकॉप्टर जोरात त्याच दिशेला झुकते आणि दांडा मात्र जागचा हललेला नसतो. हे लक्षण दिसले की दुसरे कुठलेही सेटिंग न बदलता आधी सिम्युलेटरमधले ट्रिमचे बटण काढावे. टेलिमेट्री प्रोग्रॅम स्वतः अक्षाची स्थिती सिम्युलेटरला पाठवत असेल, तर सिम्युलेटरमधून तो अक्षही काढावा लागतो.

पेडल्सनाही तेच बटण कळले पाहिजे. बटण सायक्लिकच्या ग्रिपवर असते, पण पेडल्सच्या प्रतीलाही ते ऐकू यावे म्हणून तिच्या सेटिंगमध्ये त्या दुसऱ्या उपकरणाचे बटण नेमावे. चाचणी हेलिकॉप्टर जमिनीवर असतानाच करावी. डावे पेडल थोडे पुढे दाबून धरावे आणि पायाला परतीचा ताण जाणवतो का ते पाहावे. मग अंगठ्याने ट्रिम दाबावी. त्या क्षणी टाचेखालचा ताण विरघळल्यासारखा निघून गेला पाहिजे आणि पेडल नुसते मोकळे वाटले पाहिजे. बटण सोडून पाय अलगद उचलावा. पेडल तिथेच राहिले, आणि बोटभर ढकलल्यावर पुन्हा त्याच जागी आले, तर जुळणी बरोबर झाली. पाय उचलताच पेडल मूळ मध्याकडे गेले, तर त्याला बटण पोहोचलेले नाही. हळूहळू एका बाजूला सरकत राहिले, तर दोन मध्यस्थिती एकमेकींशी भांडत आहेत आणि वरचा तक्ता पुन्हा तपासायला हवा.

डीसीएसमध्ये ट्रिम करताना दांडा उलट दिशेला उडी मारत असेल तर त्या अक्षाची दिशा उलटवावी. पुढे-मागेची ट्रिम डाव्या-उजव्या बाजूला लागत असेल तर अक्षांची अदलाबदल करावी. ही दोन लक्षणे वेगळी ओळखता आली तर बराच वेळ वाचतो.

एमआय-८ या हेलिकॉप्टरसाठी एक वेगळी सूचना. त्याच्या पेडल्सवर पाय ठेवल्याचे ओळखणारे स्विच असतात आणि पाय असेपर्यंत दिशा धरून ठेवणारा ऑटोपायलट बाजूला होतो. त्यामुळे तिथे पेडल्सची ट्रिम तपासताना पाय खरोखर काढूनच पाहावे.

अक्ष नेमताना

सायक्लिक आणि पेडल्ससाठी कर्व्ह, म्हणजे दांडा किती हलला की अक्ष किती हलावा हे प्रमाण वाकवणारी रेषा, ठेवू नये. साध्या जॉयस्टिकवर मध्याजवळची संवेदनशीलता कमी करण्यासाठी कर्व्ह लावतात. फोर्स ट्रिममध्ये उड्डाणाचा मध्य आणि अक्षाचा मध्य एक नसतो. पुढे वेगात जाताना दांडा बराच पुढे असतो आणि तिथे कर्व्हचा चढ तीव्र असल्याने हेलिकॉप्टर अकारण चपळ होते. डेडझोनही, म्हणजे मध्याजवळची प्रतिसाद नसलेली जागा, शून्य ठेवावा. लांब दांडा असताना कर्व्हची गरजही उरत नाही.

बळ किती असावे

सर्व तीव्रता शून्यावर आणून एकेक वाढवावी. आधी कलेक्टिव्ह, मग सायक्लिक, शेवटी पेडल्स.

कलेक्टिव्हमध्ये एक तांत्रिक खाच आहे. मोटरने केलेले घर्षण सहसा दांड्याच्या वेगावरून मोजले जाते. दांडा थांबला की वेग शून्य, म्हणून विरोधही शून्य, आणि दांडा स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरू लागतो. घर्षण वाढवले तरी उतरणे फक्त मंदावते, थांबत नाही. यावर उपाय म्हणजे आहे त्या जागी धरणारी, दांड्याबरोबर सरकणारी स्प्रिंग. ठरावीक बळापर्यंत ती दांडा धरून ठेवते आणि त्याहून जास्त ओढल्यास तिचा मध्यच पुढे सरकतो. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तीच वापरावी, नसेल तर प्रतिवजन किंवा यांत्रिक वॉशर यांनी दांड्याचे वजन आधी निम्म्याहून कमी करावे.

सायक्लिकसाठी बाजारात मिळणारा, सामान तोलण्याचा हुकाचा डिजिटल काटा उपयोगी पडतो. तो ग्रिपला अडकवून दांडा टोकापर्यंत ओढावा आणि आकडा लिहून ठेवावा. ह्यूईसारख्या यंत्रासाठी टोकाशी साधारण एक ते दीड किलो ही सुरुवात चांगली आहे. आपल्या हाताला आवडेल तसे नंतर बदलावे, पण आकडा लिहिलेला असला की परत येता येते. पेडल्सना याच्या दुप्पट-तिप्पट बळ लागते, कारण पायाचे वजनच त्यांच्यावर टेकलेले असते. दोन्ही पाय निवांत ठेवले असता पेडल हलू नये आणि पंजाच्या हलक्या दाबाने मात्र हलावे, ही कसोटी धरावी.

हात सोडल्यावर दांडा मध्याभोवती स्वतःच डुलत राहिला तर स्प्रिंगच्या मानाने डॅम्पर कमी आहे. डॅम्पर थोडा थोडा वाढवावा आणि डुलणे थांबताच तिथे थांबावे. डॅम्पर जास्त झाला की हॉवरमधल्या बारीक दुरुस्त्या घट्ट मधात हात घातल्यासारख्या होतात आणि माणूस नकळत जास्त दुरुस्ती करतो.

कमाल बळाचा सगळा वाटा स्प्रिंगला देऊ नये. मोटरची ताकद मर्यादित असते. स्प्रिंगनेच ती पूर्ण वापरली तर टोकाशी कंपनांना जागा उरत नाही आणि ती नाहीशी होतात. नेहमीच्या उड्डाणात स्प्रिंगने कमाल ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच वापर करावा.

कंपने

कंपनांच्या वारंवारतेसाठी अंदाज करण्याची गरज नाही. ह्यूईचा रोटर मिनिटाला सुमारे ३२४ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५.४. पाती दोन, म्हणून मुख्य कंपन १०.८ हर्ट्झचे. एमआय-८ चा रोटर मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेतो आणि पाती पाच, म्हणजे १६ हर्ट्झ. आर-२२ मध्ये मिनिटाला सुमारे ५३० फेरे आणि दोन पाती धरून १७.७ हर्ट्झ येते. टेलिमेट्री प्रोग्रॅम रोटरचे फेरे वाचत असेल तर त्याला पात्यांची बरोबर संख्या द्यावी. रोटर मंदावला की कंपनही मंदावते आणि फेरे घसरल्याची सूचना हाताला डोळ्यांआधी मिळते. माझ्या मते फोर्स फीडबॅकचा खरा उपयोग इथेच आहे.

तिन्ही कंट्रोलरवर सारखेच कंपन मात्र लावू नये. कलेक्टिव्हवर स्पष्ट, सायक्लिकवर त्याहून कमी आणि पेडल्सवर अगदी नाममात्र असावे. तिन्ही जोरात थरथरू लागले की सुमारे १६ ते २४ नॉट वेगाच्या दरम्यान, रोटर स्वच्छ हवेत शिरताना येणारी थरथर ओळखूच येत नाही, आणि हॉवरमधून बाहेर पडताना ती ओळखता येणे फार गरजेचे आहे.

ओझरवरून चाचणी

डीसीएसमध्ये महाराष्ट्राचा नकाशा नाही, पण जगभराचा नकाशा असलेल्या सिम्युलेटरमध्ये ओझरचा विमानतळ व्हीएओझेड या संकेताने निवडता येतो. हवामान वारा नसलेले आणि तापमान २० अंश ठेवून पहिली चाचणी करावी.

सुरू करण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी कंट्रोलरची वीज चालू करावी, हात दूर ठेवून मोटर स्थिरावू द्याव्यात, मग टेलिमेट्रीचा प्रोग्रॅम सुरू करावा आणि शेवटी सिम्युलेटर.

धावपट्टीवर कलेक्टिव्ह सावकाश उचलावा. हेलिकॉप्टर हलके होऊ लागताच नाक वळायला लागेल. ह्यूई आणि बेल ४०७ यांचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून डावे पेडल लागते. चेतक, चीता, कॅब्री जी२ आणि एमआय-८ यांत तो घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि उजवे पेडल लागते. दोन्ही जातींवर सराव करणार असाल तर पेडल्सची स्प्रिंग दोन्ही बाजूंना सारखीच वाटते ना, हे काट्याने मोजून घ्यावे.

दोन मीटर उंचीवर हॉवर स्थिर झाला की ट्रिम दाबून सोडावी आणि हाताची पकड सैल करावी. दांडा जागेवर राहिला पाहिजे. हेलिकॉप्टर हळूहळू सरकेल, ते साहजिक आहे. मग पुढे झुकून वेग घ्यावा, थरथर येते आणि जाते का ते पाहावे, ६० नॉटवर पुन्हा ट्रिम करावी आणि गंगापूर धरणाच्या दिशेने सरळ उड्डाण करावे. इथे हाताला सतत ताण जाणवत असेल तर ट्रिमची मध्यस्थिती नीट सरकलेली नाही.

यानंतर तापमान ४० अंश करून तीच चाचणी घ्यावी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरला ती सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी भासते. हॉवरसाठी कलेक्टिव्ह बराच वर न्यावा लागतो आणि त्याबरोबर पेडलही टोकाच्या जवळ जाते. म्हणजे कलेक्टिव्ह आणि पेडल्स त्यांच्या टोकाजवळ वापरले जातात. टोकाशी बळ अचानक वाढणे, कंपने गायब होणे किंवा अक्ष पूर्ण टोकापर्यंत न पोहोचणे हे दोष थंड हवेतल्या चाचणीत दिसत नाहीत, इथे लगेच उघडे पडतात. अक्ष पोहोचत नसेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करावे, कंपने जात असतील तर स्प्रिंग कमी करावी.

शेवटची चाचणी ऑटोरोटेशनची, म्हणजे इंजिनाशिवाय, हवेने फिरणाऱ्या रोटरवर खाली येण्याची. ३०० मीटर उंचीवर इंजिन बंद करावे आणि कलेक्टिव्ह तत्काळ खाली न्यावा. दांडा विनाअडथळा तळाशी गेला पाहिजे. धरून ठेवणारी स्प्रिंग हाताला अडवत असेल तर तिची मर्यादा कमी करावी आणि कलेक्टिव्ह पुन्हा जागेवर थांबतो की नाही ते पाहावे. या दोन अटींमध्ये जागा फार थोडी असते. ती एकदा सापडली की त्या हेलिकॉप्टरच्या नावाने तिन्ही कंट्रोलरचे सेटिंग एकत्र साठवावे, आणि दुसऱ्या जातीच्या हेलिकॉप्टरसाठी त्या संचाची प्रत करून पेडल्सच्या स्प्रिंगपासून पुन्हा सुरुवात करावी.